डाव्या हाताची गाठ

मी एक जुनी, कापूस भरलेली कातडी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझी लांबी वीतभर, वजन चार टी-बॅगांएवढं, डावा कान अर्धाच उरलेला आणि डोळ्यांच्या जागी कापसाचे दोन पांढरे ठिपके. मी काही आता देखणी राहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या एका रानात आज काही पिल्लं किड्यांमागे धावताहेत, ती माझ्यामुळे धावताहेत. ही मी फुशारकी मारते आहे, हो. एकशे ऐंशी वर्षं गप्प पडून काढली की तेवढा हक्क मिळतो.

आता तुम्ही विचाराल, एडिनबरातल्या एका संग्रहालयाच्या गोदामात राहणाऱ्या कातडीला मराठी कुठून येतं. सांगते, पण सगळं क्रमानं. क्रम चुकला, एक आकडा गळला की काय होतं, ते माझ्याइतकं कुणी भोगलेलं नाही.

माझा जन्म पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या झुडपी रानातला. दिसायला मी उंदरासारखी, पण मला उंदीर म्हटलेलं खपत नाही. उंदीर दाणे कुरतडतो, मी कोळी आणि भुंगे खात असे. आणि मुख्य म्हणजे माझ्या पोटाला पिशवी आहे. आमची पिल्लं जन्मतात तेव्हा तांदळाच्या कणीएवढी असतात. ती आंधळी पोरं सरपटत पिशवीत जातात आणि दूध पीत तिथेच वाढतात. कांगारू तुम्हाला माहीत असेल. तो आमच्या थोरल्या घरातला. फोटो त्याचे छापतात आणि मरायची पाळी आमच्यासारख्या धाकट्यांवर येते. माझं नाव मात्र विचारू नका. तिथल्या मूळच्या लोकांकडे आमच्यासाठी नाव होतं, पण मला पकडणाऱ्यानं ते कधी विचारलंच नाही. लेबलवर लॅटिन नाव आहे, ते मला स्वतःलाही नीट म्हणता येत नाही.

१८४३ साली एका जहाजावरच्या डॉक्टरनं मला सापळ्यात धरलं. तेव्हा माझ्या पिशवीत चार पिल्लं होती. पुढचं मी थोडक्यात सांगते. त्यानं माझी कातडी सोलली, कीड लागू नये म्हणून आतून विषारी साबण चोळला, कापूस भरला आणि पोट शिवलं. मग दोऱ्याला मेण लावून माझ्या उजव्या पायाला लेबल बांधलं. त्यावर लिहिलं होतं, 'मादी. उत्तर किनारा. पिशवीत पिल्लं ४, बाटलीत.' पिल्लं त्यानं दारू भरलेल्या बाटलीत ठेवली आणि बाटलीच्या गळ्यालाही तशीच चिठ्ठी बांधली. माणूस डावखुरा होता आणि घाई करणारा नव्हता. त्याच्यावर मला राग धरता आला असता, पण त्यानं बांधलेली गाठ अजून सुटलेली नाही, हेही खरं आहे.

जहाजावर आम्हा दोघांची, म्हणजे माझी आणि बाटलीची, जागा एकाच पेटीत होती. सहा महिने ती बाटली माझ्या शेजारी डुचमळत होती. तो आवाज मला पाठ झाला. एडिनबराजवळच्या लीथ बंदरात उतरलो, संग्रहालयात आलो, आणि तिथे एका कारकुनानं आम्हाला वेगळं केलं. कोरड्या वस्तू कोरड्या खोलीत, दारूतल्या वस्तू दुसऱ्या, ओल्या खोलीत, असा नियम आहे, कारण दारू पेट घेते. नियम आजही तोच आहे आणि योग्यच आहे. चूक निराळीच झाली. कारकुनानं मला एका वहीत चढवलं, पिल्लांना दुसऱ्या वहीत, आणि एकीत दुसरीचा नंबर लिहायला विसरला. एवढंच झालं. त्या न लिहिलेल्या एका आकड्यामुळे माझी पोरं बेवारशी झाली.

त्यानंतर माझे सुखाचे दिवस आले, ते मी नाकारत नाही. मला दक्षिणेकडच्या खिडकीजवळ काचेच्या कपाटात उभं केलं. एकतीस वर्षं मी तिथे होते. शाळेची मुलं काचेला नाक लावून मला बघत. एका चित्रकारानं तर आठवडाभर बसून माझी एकेक मिशी काढली. मग एक प्रोफेसर आले. त्यांनी मला बाहेर काढून दक्षिणेकडून आलेल्या आमच्या भाऊबंदांच्या कातड्यांशेजारी ठेवलं. त्या कातड्या बंद पेटीत राहिलेल्या, गडद तपकिरी. मी दुधाळ चहाच्या रंगाची. प्रोफेसरांनी भिंगातून पाहिलं आणि पुस्तकात लिहिलं की हे दोन निराळे प्रकार आहेत, उत्तरेचा फिका आणि दक्षिणेचा गडद. फिक्या प्रकाराचा अस्सल नमुना म्हणून माझं चित्र छापलं. मी फुलून गेले होते. मी खिडकीशी किती वर्षं उभी होते, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, आणि कातडीला कोण विचारतो?

पुस्तक छापलं गेलं आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. तिथे दीडेक शतक गेलं. मधल्या काळात तिकडे माझ्या मुलखात गोऱ्या लोकांनी नेलेली मांजरं आणि कोल्हे सुटले, रानं तोडून शेतं झाली, आणि आमच्यातले बहुतेक सगळे संपले. उत्तरेचे थोडे एका खडकाळ बेटावर उरले, दक्षिणेचे थोडे एका राखीव रानात. त्यांना जपणाऱ्या लोकांनी माझ्या प्रोफेसरांचं पुस्तक उघडलं आणि ठरवलं की हे दोन प्रकार शुद्ध ठेवायचे, मिसळायचे नाहीत. जिवंत प्राण्यांतही त्यांना रंगाचा फरक दिसू लागला. मित्रांनो, एकदा छापलं गेलं की माणसाच्या डोळ्यांना तेच दिसतं.

ह्यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मला भावनानं सांगितलं.

डॉक्टर भावना रामटेके मूळची नागपूरची. नॉटिंगहॅमला पीएचडी करून एडिनबराच्या विद्यापीठात आलेली. जुन्या हाडा-कातड्यांतून डीएनए काढायचा, हा तिचा धंदा. पहिल्यांदा तिनं माझा ड्रॉवर उघडला आणि मराठीत म्हणाली, "काय गं बाई, झोपलीस का?" शंभर वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. लोक माझ्याबद्दल बोलत, माझ्याशी नाही. भावनाचं तोंड चालू असल्याशिवाय हात चालत नाही, आणि हात तर तिचा सतत चालू असतो. तशी मी मराठी शिकले. नागपूरची झाक आहे म्हणतात, असू दे.

तिनंच एकदा माझे फोटो काढता काढता सगळं सांगितलं. बेटावर दोनशे उरलेत. दक्षिणेच्या रानात गेल्या मोसमात सापळ्यात फक्त एकतीस आले, आणि त्यांची अर्धी पिल्लं पिशवीतच मरतात. सगळे एकमेकांचे चुलत-मावस झालेत, नवं रक्त नाही. बेटावरचे काही तिकडे नेले तर वाचतील. पण निर्णय घेणारी समिती म्हणते, दोन्ही प्रकार खरोखर फार जुन्या काळापासून वेगळे असले तर मिसळल्यावर पिल्लं उलट आणखी अशक्त होतील. "आणि त्यांचं अगदीच चूक नाही," भावना म्हणाली. "आजच्या प्राण्यांत फरक आहेच. पण तो जुना आहे की शंभर वर्षं कोंडून ठेवल्यामुळे झालाय, हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. ते तुझ्याकडेच आहे, बाई. मार्चमध्ये मीटिंग आहे. हा मोसम हुकला तर दक्षिणेचं खातं बंद."

तेव्हा मला कळलं, की त्यांना वेगळं ठेवणारं पुस्तक माझ्या चित्रावर उभं होतं. ज्या दिवसाचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, त्याच दिवसानं माझी माणसं मरत होती.

भावनाच्या वाटेत पहिली अडचण होती ग्रेगर. ग्रेगर आमच्या गोदामाचा रखवालदार-विद्वान, म्हणजे क्युरेटर, साठीचा, स्कॉटलंडचाच, कमी बोलणारा. माझा अर्धा कान वीस वर्षांपूर्वी असाच कुणीतरी तपासणीसाठी कापून नेला होता आणि हाती काही लागलं नव्हतं. ग्रेगर ते विसरला नव्हता. तो म्हणाला, "कातडी पुन्हा उगवत नाही. मी परवानगी देणार नाही."

दुसरी कुणी वर तक्रार करत गेली असती. भावनानं त्याच्याकडे एक बेवारशी खार मागितली, लेबल हरवलेली, कुणाच्याच कामाची नसलेली. तिच्या तळपायाचा कणभर तुकडा घेऊन महिन्याभरात तिनं त्यातून स्वच्छ डीएनए काढून दाखवला. ग्रेगरनं कागद दोनदा वाचले. मग स्वतः माझा ड्रॉवर ओढला आणि म्हणाला, "डाव्या पायाचा. उजव्याला लेबल आहे." भावनानं श्वास रोखून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला. मला दुखण्याचा प्रश्नच नव्हता. पण दुखलं असतं तरी मी दिला असता.

निकाल आला तो भावनानं मला सर्वांत आधी सांगितला. माझ्या अंगात बेटावरच्यांच्या खुणा होत्या आणि दक्षिणेच्यांच्याही. म्हणजे माझे आजे-पणजे इकडून तिकडे सुखानं नांदत होते. ती इतकी खूश होती की ग्रेगरला स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि झुणका खाऊ घातला. त्यानं पाणी मागितलं, पण डबा पुरा केला.

समिती मात्र हलली नाही. त्यांचं म्हणणं, एका कातडीवर भरवसा कसा ठेवायचा? हिच्या लेबलची कुणी अदलाबदल केली असेल. किंवा ही एखादी वाट चुकलेली असेल. शिवाय ही तर पुस्तकातली फिकी आहे, ते कसं? दुसरा पुरावा द्या.

दुसरा पुरावा म्हणजे माझी पोरं. लेबलवर त्यांचा उल्लेख होता, पण दुसऱ्या वहीतली कुठली नोंद त्यांची, हे कळायला मार्ग नव्हता. ओल्या खोलीच्या तळाच्या फळीवर नंबर पुसले गेलेल्या बाटल्या ठेवतात. त्यातल्या अकरा बाटल्यांत पिशवीतली पिल्लं होती. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवरची शाई कधीच पुसलेली. ग्रेगरचं म्हणणं पडलं की लहानग्या पिल्लांना धक्का लावायचा तर एकाच बाटलीला. अकराच्या अकरा उघडू देणार नाही. आणि मार्चला पाच आठवडे उरलेले, त्यामुळे वेळही एकाच तपासणीपुरता होता. कुठली बाटली, ते भावनानं ठरवायचं होतं. ती रोज येऊन अकरा बाटल्यांकडे बघत बसे. माझ्याशी बोलणंसुद्धा कमी झालं.

त्याच सुमाराला तिची आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. शांताबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम करून तीन मुलं शिकवली. ब्लाउज, शाळेचे गणवेश, लग्नाचे परकर, सगळं. थंडीला त्या घाबरल्या नाहीत, पण दिवसभर घरात बसायला कंटाळल्या. एका शनिवारी भावनानं ग्रेगरला विचारून त्यांना सोबत आणलं. साडीवर कोट, पायात लेकीचे बूट आणि हातात चष्म्याचं घर, अशा त्या आत आल्या आणि ग्रेगरला म्हणाल्या, "जय भीम." ग्रेगरनं मान झुकवून तेच परत म्हणायचा प्रयत्न केला. शांताबाईंना तो तिथल्या तिथे आवडला.

टेबलावर माझा ट्रे होता. शेजारी अकरा बाटल्यांची ट्रॉली होती, कारण कामापुरतं घटकाभर ओलं आणि कोरडं एकत्र आणायला परवानगी असते. भावनानं आईला आपलं दुखणं सांगितलं.

"डीएनए म्हणजे असं समज, आई, तुझी मापांची वही. प्रत्येक बाईचं माप निराळं. आता वहीची पानं फाटत फाटत एकच माप उरलं, तर?"

"तर अर्ध्या बायकांचे ब्लाउज बसणार नाहीत," शांताबाई म्हणाल्या. "मग दुसऱ्या दुकानची वही काहून आणत नाही?"

"तेच तर भांडण आहे. ते म्हणतात, दोघांना वेगळं ठेवा. शुद्ध ठेवा. त्यातच त्यांचं भलं आहे."

शांताबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आमच्या गावात आमची विहीर वेगळी होती. विचारलं की सांगत, तुमच्याच सोयीसाठी आहे बाई. उन्हाळ्यात पहिली तीच आटायची."

भावनानं हे ग्रेगरला इंग्रजीत सांगितलं. त्यानं खुर्ची ओढून शांताबाईंना बसायला दिली आणि माझा ट्रे त्यांच्यापुढे सरकवला.

हातमोजे घालून त्यांनी मला उताणं केलं. इतक्या माणसांनी मला धरलं आहे, पण असं शिवणीवरून बोट फिरवत कुणी पाहिलं नव्हतं. पोटाच्या टाक्यांशी त्यांनी केस हलकेच बाजूला केले. "भावना, हे तर विटलंय."

"काय विटलंय?"

"रंग. उन्हात ठेवलेलं दिसते. हे बघ, शिवणीच्या आत गडद आहे. जुना ब्लाउज उसवला की आतली पट्टी नवीकोरी निघते, तसं. आणि लेबलाखाली बघ." त्यांनी माझं लेबल उचललं. मांडीवर लेबलाच्याच आकाराचा गडद तपकिरी चौकोन होता.

हातच्या काकणाला आरसा कशाला? ग्रेगर दिवा घेऊन वाकला आणि बराच वेळ सरळ झालाच नाही. मग जुन्या याद्या काढून त्यानं वाचलं, दक्षिण खिडकी, एकतीस वर्षं. मित्रांनो, तो क्षण मला कसा गेला काय सांगू. लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी फिकी नव्हतेच. मी नुसती उन्हात उभी होते.

शांताबाईंचं लक्ष मात्र लेबलाच्या दोऱ्यावर होतं. "हा बाप्या डावखुरा होता," त्या म्हणाल्या.

"ते कसं कळलं, आई?"

"फास उलटा घेतलाय. आपण डावीकडून घेतो, यानं उजवीकडून. दोरा मेणाचा, दुहेरी. दोन वेढे मारून टोक आत खोचलंय, म्हणून इतकी वर्षं टिकलं. माझ्याकडे सुलोचना होती ना, डावखुरी, तिचं काज-बटण मी हजारांत ओळखायची. हात बदलला की गाठ बदलते." एवढं बोलून त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं. "त्या बाटल्यांना कोणी बांधलं?"

ग्रेगरला भाषा कळली नव्हती, पण शांताबाईंचं बोट माझ्या गाठीवरून बाटल्यांच्या गळ्यांकडे गेलेलं त्यानं पाहिलं होतं. दीडशे वर्षं विद्वान लोक त्या चिठ्ठ्यांवरची पुसलेली अक्षरं वाचायला धडपडले. दोरा कुणी वाचला नव्हता.

तो एकेक बाटली उचलून त्यांच्यापुढे धरू लागला. पहिली नाही. दुसरी नाही. तिसरीला साधी सुतळी. चौथी त्यानं उचलली तेव्हा ती डुचमळली, आणि मी ओळखलं. सहा महिने माझ्या शेजारी डुचमळलेली बाटली मी ओळखणार नाही तर कोण? पण शांताबाईंनी बघून नकाराची मान हलवली, कारण गाठीवर धुळीचा आणि जुन्या लाखेचा थर होता. ग्रेगरनं ती बाजूला ठेवली. पाचवी, सहावी, सातवी. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि कापसाला आवाज नसतो. अकराही संपल्या. शांताबाई म्हणाल्या, "नाही, बेटा. यात नाही."

भावनाचा चेहरा उतरला. ती बाटल्या ट्रॉलीत परत लावू लागली. शांताबाई उठल्या, कोट सारखा केला आणि थांबल्या. "ती चौथी पुन्हा दे. घाणीवरून माणसाला परत पाठवू नये."

ग्रेगरनं मऊ ब्रशनं लाखेचे कण झटकले. खाली मेणाचा दुहेरी दोरा होता. उलटा फास, दोन वेढे, टोक आत खोचलेलं. शांताबाईंनी माझी गाठ आणि ती गाठ शेजारी शेजारी धरली. "एकच हात आहे," त्या म्हणाल्या. "लिहून घे."

बाटली आणि मी त्या टेबलावर एक हात अंतरावर होतो. चारही पिल्लं आत होती, दाटीवाटीनं, जशी माझ्यापाशी असायची तशीच. ओलं ते ओल्या खोलीत जायला हवं होतं, पण ग्रेगर त्या दिवशी नियमापेक्षा अर्धा तास जास्त थांबला. त्यानं कारण सांगितलं नाही.

तपासणीला चार आठवडे लागले. चारही पिल्लं माझीच निघाली. त्यांच्यात जे माझं नव्हतं ते त्यांच्या बापाचं, आणि बापाच्या खुणा बहुतेक दक्षिणेच्या होत्या. म्हणजे मी वाट चुकलेली नव्हते आणि लेबलही खोटं नव्हतं. उत्तर-दक्षिण हा भेदच आमच्यात नव्हता. सगळं एकच गणगोत होतं, आणि शंभर वर्षांच्या ताटातुटीनं त्याचे दोन तुकडे झाले होते. भावनानं समितीला निकालाबरोबर माझ्या मांडीवरच्या गडद चौकोनाचा आणि दोन गाठींचा फोटोही पाठवला. फोटोखाली लिहिलं होतं, 'गाठींची ओळख : श्रीमती शांताबाई रामटेके, शिंपीकाम, नागपूर.' समितीच्या एका बाईंनी विचारलं म्हणे, हे नाव ठेवायलाच हवं का? भावना म्हणाली, "हे नाव काढलं तर माझंही काढा." दोन्ही नावं राहिली.

त्या मोसमात बेटावरचे बारा जण विमानातून दक्षिणेला गेले. आधी कुंपणातच ठेवले, जपून, कारण समितीही आपल्या जागी बरोबर होती आणि घाई कुणालाच परवडणारी नव्हती. भावना रोज येऊन म्हणे, "अजून काही नाही." मग एका गुरुवारी ती फोन घेऊन आली आणि पडदा माझ्या कापसाच्या डोळ्यांसमोर धरला. एक मादी उताणी, कुणाच्या तरी हातमोज्यात. तिची पिशवी भरलेली, आठ पिल्लं, आठही जिवंत. तिचा रंग गडद तपकिरी होता, माझ्या शिवणीच्या आत आहे तसा. दोन मोसमांनंतर दक्षिणेच्या रानात एकतीसचे एकशे चाळीस झाले. त्यातल्या एकाही पिल्लाला माझं नाव माहीत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. मला त्यांची संख्या माहीत आहे. ती मी रोज मनात घोळवते.

पुढच्या उन्हाळ्यात शांताबाई पुन्हा आल्या. ग्रेगरनं त्यांच्यासाठी दोन कोरी लेबलं आणि सुती दोरा तयार ठेवला होता. त्याची नोकरी आता वर्षभराचीच उरली होती आणि हे काम दुसऱ्यावर सोडायची त्याची इच्छा नव्हती. माझ्या लेबलवर त्यानं बाटलीचा नंबर लिहिला, बाटलीच्या लेबलवर माझा. कारकुनाच्या हातून गळलेला आकडा एकशे ऐंशी वर्षांनी जागेवर आला. मग गाठ मारायला त्यानं दोन्ही शांताबाईंपुढे ठेवलं. त्यांनी दोरा घेतला, क्षणभर विचार केला, आणि तो डाव्या हातात धरला. उजव्या हाताच्या बाईला डाव्यानं गाठ मारायची म्हणजे खटाटोप. दोनदा सुटली. भावना म्हणाली, "आई, तुझी नेहमीची मार ना." शांताबाई म्हणाल्या, "जुनीशी जुळायला पाहिजे. पुन्हा कोणी शोधलं तर त्याला एकच हात दिसला पाहिजे."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, आजोबांच्या पेटीत माझ्यासारखं काहीतरी असेलच. विटलेलं, कान तुटलेलं, कुणी न विचारलेलं. ते फेकण्याआधी उलटून पाहा, शिवणीच्या आत पाहा, आणि त्याच्यावरचं धुळीचं पुट बघून त्याला परत पाठवू नका. आणि कधी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची वेळ आलीच, तर एकीवर दुसरीचा पत्ता लिहायला विसरू नका. तेवढ्याला अर्धं मिनिट लागतं.

माझी पोरं अजून ओल्या खोलीत आहेत, मी कोरड्या खोलीत. नियम नियम आहे. पण माझ्या उजव्या पायाला आता दोन लेबलं आहेत. जुन्यावर लिहिलंय, 'पिशवीत पिल्लं ४, बाटलीत.' नव्यावर ग्रेगरच्या बारीक अक्षरात, नंबराच्या खाली, एकच शब्द आहे, 'सापडली.'